चालीवरून ओळखू येणारा नट

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात मी 'सही रे सही' पहिल्यांदा पाहिले, तेव्हा जागा मिळाली ती अगदी कडेची, आणि तिथून समोरच्या विंगेचा हातभर भाग दिसत होता. भरत जाधव प्रवेश संपवून आत जात, तेव्हा कपडेपट सांभाळणारा माणूस शर्ट उलगडून उभाच असे. हात बाह्यांत शिरत असतानाच त्यांचे खांदे उतरत, मान पुढे झुके, आणि पुढच्या एंट्रीला जो माणूस येई, तो शर्टापेक्षा पाठीच्या त्या वाकामुळे वेगळा वाटे.

केदार शिंदे यांचे हे नाटक 15 ऑगस्ट 2002 रोजी रंगभूमीवर आले. एका श्रीमंत माणसाच्या इस्टेटीसाठी त्याच्यासारखे दिसणारे इसम उभे केले जातात आणि त्या चारही भूमिका एकच नट करतो. त्यांतले गलगले इतके लोकप्रिय झाले की 2008 मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र चित्रपट निघाला. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतल्या, तेलुगू घरातल्या काकू बसल्या होत्या. मराठी त्यांना चांगले येते, तरी भराभर येणाऱ्या शाब्दिक कोट्या कधी कधी निसटत. मात्र चौघांपैकी कोण आला, हे त्या पहिला शब्द उच्चारला जाण्याआधीच सांगत होत्या.

ही तयारी कुठून आली असावी, याचा विचार करताना मला शाहीर साबळे यांची 'महाराष्ट्राची लोकधारा' आठवते. जाधव यांची सुरुवात तिथली. वासुदेव, गोंधळी, कोळी अशी रूपे एकाच कार्यक्रमात पालटायची, प्रत्येकाचा ठेका पायांत निराळा ठेवायचा आणि दमलेला श्वास प्रेक्षकांना कळू द्यायचा नाही, ही शिस्त लोककलेखेरीज इतक्या लवकर कोण शिकवणार? पुढे 'ऑल द बेस्ट'मध्ये अंकुश चौधरी आणि संजय नार्वेकर यांच्यासोबत ते आले. त्यातल्या तीन मित्रांपैकी एकाला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही, एकाला बोलता येत नाही. त्यामुळे साधा निरोपही हातवारे, स्पर्श आणि अचूक टायमिंग यांच्या आधारानेच पोहोचवावा लागतो.

अशा अभिनयाला 'अंगविक्षेप' म्हणून बाजूला सारणारे जाणकार मला भेटले आहेत आणि त्यांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. 'श्रीमंत दामोदर पंत'मध्ये दामूच्या अंगात पूर्वज संचारतो, तेव्हा कपडे बदलण्याची सोयही नसते. नुसत्या उभे राहण्याच्या ढबीतून घरातला तरुण मुलगा जाऊन करारी वडीलधारा माणूस समोर येतो. 'मोरूची मावशी'ची तर गोष्टच वेगळी, कारण विजय चव्हाण यांची मावशी लोकांच्या डोळ्यांत पक्की बसलेली असताना जाधव यांनी ते लुगडे अंगावर घेतले. त्या धैर्याचे मला आजही कौतुक वाटते.

अलीकडच्या 'अस्तित्व'मध्ये ते महापालिकेचे सफाई कामगार झाले आहेत. हसवण्यासाठी वर्षानुवर्षे वाकवलेली तीच पाठ इथे कामाच्या ओझ्याने वाकते, आणि या वेळी प्रेक्षागृहातून हशा येत नाही.