एका कार्यालयात दोन लग्नं: जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकतानाचा माझा अनुभव

आमच्या लॅपटॉपच्या उजव्या बाजूला श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली, कायम खोचलेलं असतं. ते काढलं की माझा धंदा बंद. मंगळवार पेठेत, घराच्याच पुढच्या खोलीत मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांत, रक्षाविसर्जनाची पत्रकं आणि गणपतीच्या तोंडावर तालमींची पावतीपुस्तकं. सगळं कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीवर, म्हणजे विंडोजवर. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबणार हे कळल्यावर जो तो देत होता तो सल्ला, 'विंडोज उडवा, लिनक्स टाका', माझ्या कामाचा नव्हता. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकटची सिस्टीम.) लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. एका पिढीनं हुकलं. (वर्षभराची वाढीव मुदत घेता येते हे मला नंतर कळलं. वेळेवर कळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.)

भाचा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, "आत्या, विंडोज राहू दे, फक्त त्याचं नेट तोड. पत्रिका तिकडं कर. मेल, बँक, गिऱ्हाइकांच्या फायली, सगळं लिनक्सवर." मला पटलं. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडं मान वर करायला सवड नसते, म्हणून दिवाळीच्या आधीच उरकायचं ठरवलं. लिनक्सच्या मिंट नावाच्या प्रकाराची, २२.२ ची, फाइल उतरवली, तीन जीबीच्या आसपास. रूफस नावाच्या प्रोग्रॅमनं त्यातून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह केला. सगळ्या पत्रिकांची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. विंडोजमधूनच ६० जीबी जागा मोकळी केली आणि 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं. ते चालू असलं की विंडोज बंद झाल्यासारखं दिसतं, पण खरं तर अर्धं झोपलेलं असतं आणि लिनक्सला त्याच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्याच्या वाट्यावर, धड लिहिता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, आहे का तेही पाहिलं, नव्हतं. असेल त्यांनी आधी ती ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी.

इथवर सगळं शहाण्यासारखं केलं. पुढं माती खाल्ली.

पेनड्राइव्ह लावला, कशावरून सुरू व्हायचं तो मेनू यावा म्हणून एफ१२ टकटक दाबलं, काही होईना. दर वेळी विंडोजच उघडायचं. एक व्हिडिओ सापडला. त्यातला दादा म्हणाला, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जा, सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेल्या फाइली अडवणारी सोय) बंद करा, बूट मोड 'लेगसी' करा आणि एफ१२ चा मेनू चालू करा. मी तिन्ही केलं आणि पेनड्राइव्ह दिसला. नंतर कळलं की फक्त एफ१२ चा मेनू चालू केला असता तरी तो दिसला असता. तिन्ही बदल एकदम केल्यामुळं गुण कशाचा आला ते कळलंच नाही.

इन्स्टॉल सुरू केलं. मोकळी जागा मीच निवडून दिली. तेवढ्यात एक लांबलचक सूचना आली: तुमच्या डिस्कवरच्या पार्टिशन टेबलला बूट लोडरसाठी (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी) निदान १ एमबीची वेगळी राखीव जागा लागते, ती केली नाहीत तर पुढं बूट लोडर बसणार नाही कदाचित. मी 'कंटिन्यू' दाबलं. गिऱ्हाईक प्रूफ न वाचता सही करतं आणि मग छापून आल्यावर 'मामाचं नाव चुकलंय' म्हणत येतं, त्या गिऱ्हाइकांना मी किती बोललेय! त्या रात्री मी त्यांच्यातली एक होते.

पट्टी शेवटाला आली आणि चौकट उघडली. ग्रब (लिनक्सचा बूट लोडर) बसवता आलं नाही, आणि खाली एक ओळ: 'धिस इज अ फेटल एरर.' पुन्हा चालू केलं तर काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. मिंट नाहीच, विंडोजही नाही. रात्रीचे पावणेबारा. हे उठून आले आणि म्हणाले, "झालं ना वाटोळं? मी म्हटलंच होतं." काय म्हटलं होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं.

सकाळी लॅपटॉप घेऊन एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. कुठल्या ते सांगत नाही. त्या पोरानं चालू केला, पडदा पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, हार्ड डिस्क गेली. नवी टाकून फॉरमॅट मारावं लागंल." बायोस त्यानं उघडूनसुद्धा पाहिलं नाही. डिस्क गेली असती तर ती बायोसच्या यादीत तरी कशी दिसली असती, हा प्रश्न मला तिथं सुचला नाही. आदल्या रात्री मी तिचं नाव स्वतः वाचलं होतं. सुचलं ते एवढंच की पैसे देण्याआधी भाच्याला फोन करू.

बायोसमध्ये स्क्रीन शेअर करता येत नाही. म्हणून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन लॅपटॉपसमोर पाटावर बसवल्यासारखा डब्यावर टेकवला. त्यानं एकच विचारलं, "आत्या, बूट मोड काय दिसतोय?"

"लेगसी."

"ते यूईएफआय कर आणि एफ१० दाब."

दाबलं. विंडोज आलं, सगळ्या पत्रिकांसकट. डिस्कला काहीच झालं नव्हतं.

मग त्यानं समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. जुन्या पद्धतीत, म्हणजे लेगसीत, मशीन डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं. त्यात कोडसाठी जागा ४४६ बाइट. एवढ्याशा जागेत ग्रब मावत नाही, म्हणून त्याचा पुढचा भाग त्या सेक्टरमागच्या मोकळ्या पट्टीत बसतो. पण माझी डिस्क नव्या मांडणीची, जीपीटी. तिथं ती मोकळी पट्टी नसतेच. त्यासाठीच तो १ एमबी मागत होता. नव्या पद्धतीत, यूईएफआयमध्ये, मशीन सेक्टरबिक्टर बघत नाही. डिस्कवर शंभरेक एमबीचं एक छोटं पार्टिशन असतं, त्यात प्रत्येक सिस्टीमचं फोल्डर असतं, आणि कुठली फाइल चालवायची याची यादी मशीन स्वतःकडं ठेवतं. माझं विंडोज नव्या पद्धतीचं होतं आणि मी मिंट जुन्या पद्धतीनं घुसवत होते. मोड लेगसी केल्यावर मशीनला विंडोजचा दरवाजाच दिसेना.

मंगल कार्यालयात एकाच दिवशी दोन लग्नं असली की दारात बोर्ड लागतो: अमुक-तमुक वरचा हॉल, तमुक-अमुक खालचा. वऱ्हाडी, जेवण, भटजी सगळे आत हजर, पण बोर्डच नसेल तर पाहुणा आहेर घेऊन रस्त्यावर उभा. माझं झालेलं ते हेच. ग्रब म्हणजे तो बोर्ड.

दुसऱ्या खेपेला मोड यूईएफआयच ठेवला आणि पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं. इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी भाच्यानं एक गोष्ट तपासायला लावली. ही मला आधी कोणी सांगितली असती तर दुकानाची ती फेरी वाचली असती. फाइल मॅनेजरमध्ये 'फाइल सिस्टीम' उघडायचं, त्यात 'सिस', त्यात 'फर्मवेअर'. तिथं 'ईएफआय' नावाचं फोल्डर दिसलं तर पेनड्राइव्ह नव्या पद्धतीनं चालू झालाय. नसेल तर तिथंच थांबायचं. एकही कमांड लागत नाही.

फोल्डर होतं. बिघडलेलं इन्स्टॉल कमांडींनी दुरुस्त करता येतं म्हणे, पण त्याच्या मते परत टाकणं सोपं, वीस मिनिटांचं काम. आधीच्याच पार्टिशनवर टाकलं. काळजी एकाच ठिकाणी घ्यायची होती: ते शंभर एमबीचं पार्टिशन यादीत दिसतं, त्याच्यापुढच्या फॉरमॅटच्या चौकोनात खूण करायची नाही. केली की विंडोजचा बोर्डही पुसला. मी माउस हलवताना तो पुण्यातून श्वास रोखून बघत होता. या वेळी एरर आली नाही.

पुन्हा चालू केलं. सरळ विंडोज.

मेनू नाही, मिंट नाही, जणू काही झालंच नव्हतं. एफ१२ च्या यादीत फक्त विंडोज बूट मॅनेजर. मला वाटलं परत माझीच चूक. पण पेनड्राइव्हवरून पाहिलं तर त्या छोट्या पार्टिशनमध्ये नवं फोल्डर होतं, नाव 'उबंटू'. मी म्हटलं, अरे, मी मिंट टाकलंय! तो हसला. मिंट हे उबंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि बूटसाठी उबंटूचीच सही केलेली फाइल वापरतं, म्हणून नाव तेच पडतं. म्हणजे फोल्डर होतं, फाइल होती, पण आमच्या लॅपटॉपचं फर्मवेअर, म्हणजे मशीनमधलं बायोसचं सॉफ्टवेअर, तिला आपल्या यादीत घेत नव्हतं. काही लॅपटॉप असे हट्टी असतात. ओळखीच्या माणसाशिवाय दार उघडायचं नाही.

इथं संध्याकाळ गेली. मधे लाईटही गेली आणि आमची बॅटरी म्हणजे दहा मिनिटांची पाहुणी. बायोसच्या सिक्युरिटीच्या पानावर एक ओळ होती: यूईएफआय फाइल विश्वासू म्हणून निवडा. पण ती राखाडी, दाबली जाईना. भाच्यानं शोधून काढलं ते असं: आधी सुपरवायझर पासवर्ड लावायचा आणि सिक्युअर बूट चालू असायला हवं, मगच ती ओळ जागी होते. म्हणजे त्या व्हिडिओवाल्या दादानं जे बंद करायला सांगितलं होतं, नेमकं तेच चालू करायचं! मी घाबरत विचारलं, "सिक्युअर बूट लिनक्सला अडवत नाही का रे?" तर नाही. 'शिम' नावाची एक छोटी फाइल असते, तिच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. फर्मवेअर त्या सहीला ओळखतं, शिम ग्रबला ओळखतं, ग्रब पुढं कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला. शिम म्हणजे मध्यस्थ. मुलीकडचे मुलाला ओळखत नाहीत, पण मध्यस्थाला ओळखतात.

पासवर्ड लावला, सिक्युअर बूट चालू केलं, ओळ जागी झाली. आत डिस्क, मग ईएफआय, मग उबंटू, मग शिम-एक्स-६४. बायोसमध्ये माउस चालत नाही, सगळं बाणांनी आणि एंटरनं. नाव द्यायला सांगितलं, मी 'मिंट' दिलं. मग बूटच्या पानावर एफ६ नं ते विंडोजच्या वर सरकवलं आणि एफ१० दाबलं. काळा पडदा आला. वर मिंट, खाली विंडोज बूट मॅनेजर, बाजूला मोजत जाणारे सेकंद. मी त्याचा फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याचा रिप्लाय: "नाद खुळा आत्या."

वाटलं संपलं. चार दिवसांनी एक गिऱ्हाईक बसलं होतं. मी विंडोजमध्ये बिल काढत होते आणि बिलावर वेळ सकाळी ५:४५. घड्याळात सव्वाअकरा वाजलेले. साडेपाच तास मागे, म्हणजे हिशेब उघड आहे: मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. विंडोजचं नेट तोडलेलं, त्यामुळं ते आपणहून सुधारणारही नाही. मिंटमध्ये टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडून टाइमडेट-कंट्रोलला घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं, एका ओळीचं काम. तोवर गिऱ्हाईक गंभीरपणे म्हणालं, "ताई, आमचा मुहूर्त तेवढा बघून टाका हं."

डोंगल विंडोजमध्ये पूर्वीसारखंच चालतं. मिंटचे अपडेट येत राहतात, त्यात ग्रबचाही आला, पण मेनू जागेवर आहे. पेनड्राइव्ह मात्र मी पुसला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अशा दोन-दोन सिस्टीमच्या कितीतरी मशीनवर लिनक्स सुरू व्हायचं थांबलं होतं. आमचं विंडोज नेटवर नाही, तरीही तो डोंगलच्या डबीत पडून आहे.

राहता राहिला सुपरवायझर पासवर्ड. भाचा म्हणाला, नको असेल तर रिकामा ठेवून काढून टाक, फाइल विश्वासूच राहील. काढला आणि खरंच राहिली. पण काढेपर्यंतचे दोन दिवस तो विसरेन या भीतीनं मी एका उरलेल्या पत्रिकेच्या मागं लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला होता. परवा सासूबाईंनी ती पत्रिका काढून मला विचारलं, "हे कुणाचं लग्न गं? पत्ता काय हा असला?"