पासबुकातली एक ओळ

आज गोवंडीला शिवाजीनगरात बचत गटाची बैठक होती. एक ताई पिशवीतून पासबुक काढून माझ्याजवळ आल्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जपलेलं. पहिला पगार जमा झाल्याची ओळ त्यांनी बोटाने दाखवली, मग परत एकदा दाखवली.

इतकी वर्षं त्या घरी बसून डझनाच्या भावाने ब्लाउजला हुक लावायच्या. ठेकेदार देईल तेव्हा पैसे. आता रुग्णसेविकेचा कोर्स करून एका दवाखान्यात लागल्यात.

कोर्स मिळतो हो. अडतं ते पुढे. पहिला पगार होईपर्यंतचा महिना काढायचा कसा? लोकलचा पास, रिक्षा, रेशन. आणि बालवाडी दुपारी सुटली की पोराला बघणार कोण? एवढ्यासाठी कितीतरी बाया पंधरा दिवसांत काम सोडतात, फार जीव तुटतो. यांच्या पासाचे पैसे गटाने दिले, पोराला शेजारच्या मावशींनी सांभाळलं.

आज त्यांनी प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा फॉर्मही भरला. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख. वारस म्हणून लेकाचं नाव सावकाश, एकेक अक्षर लिहिलं. निघताना म्हणाल्या, "मॅडम, गटाचे पैसे आधी फेडते, मग गॅस भरते."