डब्यांचे टिपण

सहलीच्या आदल्या रात्री ओट्यावर दशम्या व्हायच्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली जायची, हा आमच्या घरातला आईच्या वेळेपासूनचा रिवाज आहे. गेल्या कार्तिकात मात्र ओट्यावरचे काम यांच्याकडे सोपवून मी जेवणाच्या टेबलावर वही, पट्टी, टोक काढलेली शिसपेन्सिल आणि दोन नकाशे मांडून बसले होते. दुसऱ्या दिवशी म्हैसमाळला जायचे होते, आणि तिथल्या पठारावर चार डबे शोधायचे होते.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी घट्ट झाकणाचा डबा लपवतो, त्यात नोंदीचा कागद ठेवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश इतरांना कळवतो. शोधणाऱ्याने डबा हुडकून कागदावर नाव आणि तारीख लिहायची आणि तो होता तसा, होता तिथेच परत ठेवायचा. अमेरिकी सरकारने जागा दाखवणाऱ्या आपल्या जीपीएस उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० रोजी काढून घेतली. तोवर सामान्य माणसाच्या हातातले यंत्र शंभर मीटरपर्यंत फसवत असे. ती चूक जाताच, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली ठेवून तिचा ठावठिकाणा जाहीर केला आणि खेळ सुरू झाला. त्या बादलीत शिजवलेल्या घेवड्याचा एक हवाबंद डबाही होता म्हणे. आता डब्यात खाण्याची वस्तू ठेवू नये असा नियम आहे, कारण माणसाच्या आधी वासावर जनावरे पोहोचतात. आमच्याकडे मुंग्या पोहोचल्या असत्या.

मराठवाड्यात असे जाहीर डबे विरळच, म्हणून लातूरच्या बहिणीच्या मुलाने दिवाळीच्या सुटीत मित्रांना घेऊन चार डबे स्वतःच ठेवले आणि मला त्यांची माहिती पाठवली. हा भाचा पुण्याला नोकरी करतो आणि सुटीत त्याला घरात बसवत नाही. वेरूळ आणि देवगिरी त्याच बाजूला असूनही तिथे त्याने काही ठेवले नव्हते, हे मला बरे वाटले. संरक्षित वास्तूच्या दगडात डबा कोंबणे हे त्याच दगडावर नाव कोरण्याचे धाकटे भावंडच आहे. जमीन उकरायची नाही आणि जागा ज्याची असेल त्याला विचारूनच ठेवायचे, हे दोन नियमही त्याने पाळले होते. बाकी माहितीच्या बाबतीत मात्र त्याने सगळा गोंधळच घातला होता.

एका डब्याचे अक्षांश त्याने अंश, मिनिटे आणि सेकंद असे दिले होते. दुसऱ्याचे अंश आणि दशांशातली मिनिटे असे होते, आणि या खेळात हीच पद्धत रूढ आहे. तिसऱ्याचे नुसते दशांशातले अंश होते, आणि चौथ्याचे तर मोबाइलच्या पडद्याचे छायाचित्र, त्यावर एक लाल टिकली. जागा तीच, पण लिहिण्याच्या तऱ्हा तीन : १९ अंश ५६ मिनिटे ३० सेकंद, १९ अंश ५६.५०० मिनिटे, आणि १९.९४१६७ अंश. साठाचा हिशेब दहाच्या हिशेबात मिसळला की काय होते, याचा अनुभव मला त्याच रात्री आला. दुसऱ्या डब्याचे २० अंश ०५.२५० मिनिटे आणि ७५ अंश ११.४०० मिनिटे हे आकडे मी मधली जागा न सोडता २०.०५२५० आणि ७५.११४०० असे मोबाइलमध्ये टाकले, आणि त्याने जराही कां-कूं न करता पठारापासून सुमारे ९ किलोमीटर नैर्ऋत्येला, घाटाखालच्या शेतांत बोट ठेवले. चुकीचा पत्ता सांगणारा माणूस निदान अडखळतो. यंत्र अडखळत नाही, आणि माझ्या मते त्याचा हाच सर्वांत मोठा दोष आहे.

मग मी सगळे मोडून नव्याने लिहायला घेतले, आणि लिहिता लिहिता वडिलांची आठवण झाली. ते मोजणी खात्यात होते. प्रत्येक शेताचे एक टिपण असते, म्हणजे जागेवरच काढलेला कच्चा आराखडा. त्यात बांधाची लांबी, हद्दीचे दगड, विहीर, शेजारचे गट हे सगळे एका पानात येते. मोजायला शंकूसाखळी असे, ३३ फुटांची, आणि तिचे सोळा आणे धरलेले. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हे गणित मला पाढ्यांच्याही आधी येत होते. वडील म्हणत की टिपण असे असावे की मोजणारा मेला तरी दुसऱ्याला शेत सापडले पाहिजे.

तेव्हा मीही प्रत्येक डब्याला वहीचे एक पान दिले. माथ्यावर डब्याचा क्रमांक आणि एकाच पद्धतीने लिहिलेले अक्षांश-रेखांश. मिनिटांच्या दशांशाची तीन घरे, कारण तिसऱ्या घरातला एक आकडा म्हणजे जमिनीवर जेमतेम पावणेदोन ते दोन मीटर, आणि मोबाइल मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटरपर्यंतच खरे बोलतो. त्यापुढची घरे लिहिणे म्हणजे दुधाचा हिशेब थेंबात ठेवणे. खाली डब्याचा आकार. त्याखाली या खेळातले दोन ठरलेले आकडे, एक शोधण्याच्या अवघडपणाचा आणि दुसरा वाटेच्या, दोन्ही एक ते पाच आणि अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. भाच्याने चारही ठिकाणी वाटेला दीड दिला होता. तो सव्वीस वर्षांचा आहे हे ध्यानात घेऊन मी सगळीकडे एक-एक वाढवला.

उजवीकडचा समास मी आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टींसाठी राखला होता : गाडी कुठे उभी करायची, तिथून पायवाट आहे की नुसते बरड, ऊन कोणत्या बाजूचे, परवानगी कुणाची घेतली आहे. उपग्रहाच्या चित्रावर विसंबावे असे मला वाटत नाही, कारण ते बहुधा उन्हाळ्यातले असते आणि त्यात मोकळी दिसणारी जागा कार्तिकात कमरेएवढ्या गवताची निघते. समोच्च रेषांचा कागदी नकाशा त्या मानाने प्रामाणिक. दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यात मोबाइल सातशे मीटर अंतर दाखवत होता. नकाशावर मात्र त्या दोन ठिपक्यांच्या मधोमध रेषा एकमेकींना खेटून बसल्या होत्या, म्हणजे तिथे घळ होती आणि ती उतरून चढण्याचे माझे वय राहिलेले नाही. म्हणून मी डबे क्रमांकाने न लावता वाटेने लावले : आधी पहिला, मग तिसरा, माघारी येऊन दुसरा, आणि जेवणानंतर चौथा.

कागदी नकाशाचीही एक खोड आहे. एकास पन्नास हजार या प्रमाणावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. माझ्या पेन्सिलीचे टोक अर्धा मिलिमीटर धरले तरी त्याच्याखाली पंचवीस मीटर जमीन झाकली जाते. शिवाय भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे पृथ्वीच्या एका आकारावर बेतलेले आणि उपग्रहांचे आकडे दुसऱ्या. तेच अक्षांश जुन्या नकाशावर मांडले तर आमच्या भागात शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. नकाशा वाट निवडायला आणि मोबाइल जागा गाठायला, अशी मी दोघांची कामे वाटून दिली.

राहता राहिल्या खुणा. डबा सापडेना झाला तरच वाचायच्या, म्हणून त्या सांकेतिक लिहितात : इंग्रजी वर्णमालेची पहिली तेरा अक्षरे वर, उरलेली तेरा खाली, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्या समोरचे. लहानपणी आम्ही मोठ्यांना कळू नये म्हणून चची भाषा बोलायचो, त्याचाच हा लेखी प्रकार. भाच्याने मराठी खुणा रोमन अक्षरांत लिहून त्या उलटवल्या होत्या. चौथ्या डब्याची खूण ‘सी एन वाय एन एफ’ अशी सुरू होत होती. मी नियम मोडून ती रात्रीच सोडवली : पळस. पुढे ‘खोडाच्या मागे, दोन दगडांत’ असे होते. हे वाचून मी निश्चिंत झाले. आकडे माणसाला पाच मीटरांपर्यंत आणून सोडतात, पुढची पाच मीटरे शब्दच चालवतात, असे मी यांना ऐकवलेसुद्धा. ते दशमी उलटत होते. त्यांनी हो म्हटले.

अंतूर किल्ल्याच्या वाटेवर एक जुना दगडी स्तंभ आहे, कोणता रस्ता कुठल्या गावाला जातो हे त्यावर फारसीत कोरलेले आहे. तेव्हाच्या वाटसरूंना तो किती भरवशाचा वाटत असेल, असा विचार दुसऱ्या दिवशी सकाळी खुलताबाद मागे पडून चढण लागली तेव्हा माझ्या मनात आला, कारण मांडीवर मी माझी वहीही तशाच भरवशाने धरली होती.

पहिले तीन डबे वहीने सांगितल्याप्रमाणे मिळाले. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही, आणि नीट केलेल्या तयारीचा तोटा म्हणाल तर हाच.

चौथ्याच्या जागी मोबाइल थांबला तिथे एक झाड होते, पण मी त्याच्याकडे पाहिलेही नाही. मला पळस हवा होता, आणि तो तीसेक पावलांवर उताराच्या अंगाला उभा होता, जाड खरबरीत पानांचा, ओळखण्यात चूक होणे शक्यच नाही असा. मोबाइलचा बाण पाठीमागे वळून तडफडत होता. कड्याजवळ संकेत दगडावर आपटून येतात आणि अंतर चुकते हे मला माहीत होते, म्हणून मी त्यालाच दोषी धरले. पळसाभोवतीचे दगड आम्ही दोघांनी पाऊण तास उलथे-पालथे केले. विंचू सापडला, डबा सापडला नाही.

खालून शेरडे घेऊन एक म्हातारे बाबा वर आले. थोडा वेळ आमचे पाहत राहिले आणि म्हणाले, “काय हुडकू राहिल्या, मावशी?” मी म्हटले, “बाबा, पोरांनी इथे पळसाच्या खोडामागे एक डबा ठेवलाय.” “पोरं तर त्या पांगाऱ्यापाशी बसेल होती,” त्यांनी काठीने मघाच्या झाडाकडे दाखवले. “डबा त्याच्याच मागं आसंल.”

डबा त्याच्याच मागे होता, दोन दगडांत. मी पांगाऱ्याची एक डहाळी हातात घेतली. पळसासारखीच तीन-तीन पाने, पण पातळ आणि टोकाला निमुळती, आणि देठाला नख लागावे तसा काटा. पळसाला पाने तीनच, एवढी म्हण भाच्याला शाळेत शिकवलेली होती. तीन पाने पांगाऱ्यालाही असतात, हे सांगायचे राहून गेले होते. आकडा मात्र बरोबर होता, तिसऱ्या घरापर्यंत.

नोंदीच्या कागदावर नाव लिहून झाल्यावर मी वही उघडली. यांनी खोडरबर पुढे केले, ते मी घेतले नाही. टिपणात चूक झाली तर खरवडायची नाही, जुने अक्षर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, वर दुरुस्ती लिहायची आणि ज्याची चूक त्याची सही घ्यायची, असे वडिलांच्या खात्यात होते. मी ‘पळस’वर रेघ मारली, वर ‘पांगारा’ लिहिले, आणि संध्याकाळी घरी आल्यावर भाच्याला चहाच्या आधी सहीला बसवले. त्याने सही केली, पान उलटे-सुलटे करून पाहिले आणि विचारले, “मावशी, पाऊण तास आकडा सोडून तिकडे कोण शोधत होतं, त्याची सही कुठे घ्यायची?”

त्याच्या सहीशेजारी जागा होती. तिथे मी माझी केली.