मृताच्या हातातली पाने

पाडव्याला परभणीत मामांच्या ओसरीवर तीन पत्तीचा डाव रंगला असताना माझ्या हातात इस्पिक आणि किलवर असे दोन काळे एक्के आले, तेव्हा भाच्याने "आता दोन काळ्या अठ्ठ्या आल्या की डेड मॅन्स हँड!" असे म्हटले आणि मामी त्याच्यावर, सणासुदीला अभद्र बोलतोस म्हणून, रागावल्या.

पोकर या पाच पानांच्या पत्त्यांच्या खेळातील ही संज्ञा वाइल्ड बिल हिकॉक या अमेरिकन बंदूकबहाद्दराशी जोडली जाते. एरवी भिंतीला पाठ लावून बसणारा हा गडी 2 ऑगस्ट 1876 रोजी डेडवूड येथील सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, तशी जागा न मिळाल्याने, दाराकडे पाठ करून खेळायला बसला आणि जॅक मॅकॉलने त्याला मागून गोळी घातली. त्याच्या हातात काळे एक्के व काळ्या अठ्ठ्या होत्या, असे सांगतात. पाचव्या पानाबद्दल मात्र आजही वाद आहे.

मला अधिक रंजक वाटले ते पुढचे: 1886 च्या सुमारास हेच नाव तीन गुलाम आणि दोन दश्श्यांच्या हाताला दिले जात होते, आणि एक्के-अठ्ठ्यांची जोड हिकॉकच्या 1926 मधील चरित्रानंतर, म्हणजे घटनेनंतर तब्बल 50 वर्षांनी, रूढ झाली.

माझे तिसरे पान चौकट सत्ती निघाले. मामांनी रनवर, म्हणजे ओळीने लागलेल्या तीन पानांवर, डाव नेला.