काकांच्या फुप्फुसातील नऊ मिलिमीटर

गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या थोरल्या काकांचा खोकला महिनाभर हटेना, म्हणून छातीचा सीटी स्कॅन काढला. संध्याकाळी मोबाइलवर अहवाल आला: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात नऊ मिलिमीटरची घन गाठ, कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही. घरातल्या प्रत्येकाने ‘नाकारता येत नाही’ हे शब्द ‘आहे’ असेच वाचले. असा अहवाल रुग्णाच्या हाती एकटा, समजावून सांगणाऱ्या माणसाशिवाय का पडावा, हा माझा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी छातीरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो क्षयाचा. काका तरुणपणी काही महिने रोज इंजेक्शने घेत होते, हे काकूंना आठवले. क्षयाच्या जंतूंभोवती शरीर पेशींचे कुंपण घालते, त्याची गुठळी बनते आणि आजार बरा झाल्यावरही ती वर्षानुवर्षे तशीच राहते. तिच्यात मध्यभागी किंवा सर्वत्र चुना साचलेला दिसला तर निदान सोपे होते. काकांच्या गाठीत मात्र तो नव्हता, आणि तिची कडा थोडी खडबडीत होती. अशी कडा कर्करोगात दिसते, तशी जुन्या व्रणाच्या ओढीनेही होते. फुप्फुसातल्या लहान लसिका ग्रंथी आणि कूर्चा व चरबी असलेली हॅमार्टोमा नावाची निरुपद्रवी गाठही स्कॅनवर अशीच फसवते, तर न्यूमोनियाचा एखादा गोल डाग औषधोपचारानंतर विरूनही जातो.

अमेरिकेत त्रेपन्न हजारांहून अधिक आजी-माजी धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, किरणांची मात्रा कमी ठेवून काढलेल्या सीटीमध्ये संशयास्पद ठरलेल्या निकालांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक निकाल अखेर कर्करोगाचे नव्हते. आपल्याकडे तर क्षयाचे जुने डाग कितीतरी अधिक.

मी पेट स्कॅनबद्दल विचारले. त्यात साखर जास्त खाणाऱ्या पेशी उजळतात, पण क्षयाची जिवंत सूजही साखर खाते, त्यामुळे उजळलेला ठिपकाही कर्करोगाची खात्री देत नाही, असे डॉक्टर म्हणाले. आठ मिलिमीटरपेक्षा मोठी घन गाठ असल्याने तीन महिन्यांनी पुन्हा सीटी, पेट किंवा सुईने तुकडा काढणे हे तिन्ही मार्ग खुले होते. “पण आधी जुना स्कॅन आहे का ते बघा,” असे त्यांनी सांगितले.

जुना स्कॅन होता. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत शहरात ज्याच्या-त्याच्या छातीचा सीटी निघत होता, त्यात काकांचाही निघाला होता. अहवालात फुप्फुस किती बाधित झाले याचे पंचविसापैकी किती गुण, एवढेच आम्ही वाचले होते. काकूंच्या लोखंडी कपाटात विजेच्या बिलांखाली ती सीडी सापडली. रेडिओलॉजिस्टने दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावले: धुरकट डागांच्या गर्दीत तोच ठिपका, त्याच जागी, तेवढाच नऊ मिलिमीटर. घन गाठ दोन वर्षांहून अधिक काळ वाढली नाही तर ती बहुधा निरुपद्रवी मानली जाते. धुरकट काचेसारखी गाठ असती तर हा नियम चालला नसता, तिच्यावर पाच वर्षे लक्ष ठेवावे लागले असते, हेही त्यांनी बजावले.

खोकला पित्ताचा निघाला. सीडी आता काकांच्या आधार कार्डाच्या पाकिटात आहे.