पत्रांतला रेडिओ

सोलापुरात सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा ओसरला की येणाऱ्या रविवारी आमच्या वाचक मंडळाचं वार्षिक संमेलन भरायचं. अहवाल, हिशेब झटपट उरकत. शेंगापोळ्या खाऊन मंडळी सरसावून बसत, कारण आता मास्तर पत्रांची पेटी उघडणार असत.

मास्तर शाळेत मराठी शिकवत आणि कथा लिहीत. त्यांचे कॉलेजपासूनचे स्नेही पुणे आकाशवाणीत लेखनाचं काम करत. २ ऑक्टोबर १९५३ रोजी ते केंद्र सुरू झालं आणि दोघांच्या पत्रांत रेडिओच भरून राहिला. श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, लागली की मास्तर वही घेऊन बसत. कोणता संवाद खरखरीत बुडाला, कुठे दोघींचे आवाज सारखेच वाटले, कोणतं वाक्य एका दमात म्हणवत नव्हतं, हे सगळं दुसऱ्या दिवशी अंतर्देशीय पत्रातून पुण्याला जायचं. लिहिणाऱ्याला असा ऐकणारा मित्र भाग्यानंच मिळतो!

गीतरामायणाच्या वर्षातली पत्रं लोक मागून वाचून घेत. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून आठवड्याला एक नवं गीत, अशी ५६ गीतं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल आणि घड्याळाचा धाक. ती धांदल ऐकता ऐकता मागे बसलेल्या बायका गुणगुणू लागत.

मला आवडायची ती आवाजांची पत्रं. करवंट्यांच्या टापा, पत्रा हलवून ढगांचा गडगडाट, सुपात मोहरी फिरवून पाऊस. त्याबरहुकूम आम्ही मुलं पडद्यामागून श्रुतिका करायचो. एकदा करवंट्या फार जोरात वाजल्या, तर मास्तर आत येऊन म्हणाले, "अरे, घोडा थकलाय ना रे? मग दमानं वाजीव की."

मार्च १९५६ चं पत्र ते नेहमी शेवटी वाचत. २० तारखेला दिल्लीत बा. सी. मर्ढेकर गेले होते, अवघ्या ४६ व्या वर्षी. तेही आकाशवाणीतलेच, 'कर्ण', 'संगम', 'औक्षण' या संगीतिका त्यांच्या. कविता लोक पुस्तकातून वाचतील, पण कानांसाठी लिहिलेलं कोण जपणार, असं स्नेह्यांनी कळवळून विचारलं होतं. मास्तरांनी पुढच्याच संमेलनात 'कर्ण' वाचायला घेतलं आणि मग ती रीतच पडली.

मी नववीत असताना ते स्नेही स्वतः सोलापूरला आले. वाचन होताच ते उठून तडक पडद्यामागे आले आणि कोणते शब्द कोणी म्हटले, ते एकेकाला नाव विचारून जाणून घेतलं.