१८८० च्या फॅशनचा कॉर्सेट घरी शिवला, माझा अनुभव

आधीच सांगते, कॉर्सेटमध्ये (म्हणजे कडक पट्ट्या घातलेला, मागे दोरीने आवळायचा बायकांचा आतला पोशाख) कंबर बारीक दिसते त्यात दोरी आवळण्याचा भाग कमी आणि कटिंगचा जास्त, आणि हे मला अख्खा कॉर्सेट स्वतः शिवल्यावरच नीट कळलं. मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहते, मार्केट हार्बरोच्या म्युझियममध्ये कॉर्सेट बनवणाऱ्या सिमिंग्टन कंपनीचे जुने कॉर्सेट बघितले तेव्हापासून डोक्यात होतं की एक करून बघायचाच.

आधी मांजरपाटाचा ट्रायल शिवला. त्यातसुद्धा स्टीलच्या पट्ट्या घालून बघा हं, नाहीतर फिटिंग कळतच नाही, सगळं गोळा होऊन वर येतं. कंबरेच्या मापातून ५ सेंमीच कमी केले आणि मागे दोरीपाशी साधारण तेवढीच फट ठेवली, पण छाती आणि हिपला पूर्ण जागा दिली, कारण कंबरेवर दाबलेलं अंग कुठेतरी जायला हवं ना. त्या काळच्या बायका गरज पडली तर छातीला नि हिपला पॅडिंग लावायच्या, मग मधली कंबर आपोआप लहान दिसायची. आणि त्या बरगड्या काढून घ्यायच्या वगैरे जे ऐकू येतं त्याला काहीही पुरावा नाही.

खऱ्या कापडासाठी कूटिल घेतलं, घट्ट हेरिंगबोन विणीचं सुती कापड, अजिबात ताणत नाही. आत कंबरेच्या रेषेवर एक मजबूत टेप शिवली कारण सगळा ताण तिथेच येतो. पूर्वी पट्ट्यांना व्हेलबोन वापरायचे, ते खरं तर हाड नव्हेच, व्हेलच्या तोंडातल्या गाळणीसारख्या पट्ट्या असतात. एकोणिसाव्या शतकात ते महाग होत गेलं आणि स्टील वाढलं. मी स्टीलच घेतलं. पुढे उघडणारा बस्क (एकमेकांत अडकणाऱ्या दोन कडक पट्ट्या) लावला, त्याचं पेटंट १८२९ सालचं, जोसलँ नावाच्या फ्रेंच माणसाचं, त्यामुळे बाईला स्वतःचं स्वतः कॉर्सेट घालता-काढता यायला लागलं, मला तर हा सगळ्यात मोठा बदल वाटतो!

आयलेटसाठी, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्यांसाठी, भोक कापायचं नाही, टोच्याने धागे बाजूला सारायचे, म्हणजे कापड फाटत नाही. दोरी कंबरेपाशी दोन लूप सोडून ओवायची, ओढायचं तिथूनच.

घालताना आत पातळ शेमीज (अंगालगत घालायचा सैल कपडा) हवीच, आणि सुरुवातीला सैलच बांधा, रोज थोडा वेळ, कापड अंगावर बसायला वेळ लागतो. पाठ मस्त आधारावर राहते, श्वास पोटाऐवजी छातीत घेतला जातो, खालची वस्तू उचलायला वाकता येत नाही, गुडघ्यात बसावं लागतं. मला दुखलं कुठेच नाही. आता पट्ट्यांच्या टोकांवर रेशमाचं फ्लॉसिंग, म्हणजे धाग्याचं भरतकाम, करतेय, दिसायला नक्षी पण त्याने पट्टी हलत नाही की कापडातून बाहेर येत नाही.